प्राण्यांची माहिती आणि मुलांच्या लेखनाचा पहिला परिच्छेद

(प्राथमिक शिक्षकांच्या उद्बोधन वर्गासाठी तयार केलेल्या भाषणाचा मजकूर)



"गाय हा एक उपयुक्त पाळीव प्राणी आहे. गाईला चार पाय, दोन शिंगे व एक शेपटी असते. गाय आपल्याला दूध देते." या तीन वाक्यांनी महाराष्ट्रातील किती पिढ्यांच्या वह्या सुरू झाल्या असतील, याची गणती करणे कठीण आहे. वाक्ये चुकीची नाहीत. शुद्धलेखनही बहुधा निर्दोष असते. तथापि 'गाय' हा शब्द पुसून तेथे 'म्हैस' लिहिले तरी तिन्ही वाक्ये जशीच्या तशी उभी राहतात; 'शेळी' लिहिले तरी त्यांना धक्का लागत नाही. नाव बदलल्यावरही ज्या मजकुरात काहीच बदलावे लागत नाही, त्या मजकुराने त्या प्राण्याची ओळख करून दिली असे कसे म्हणावे?

नाव बदलून पाहण्याची ही कसोटी चौथीच्या मुलालाही समजते. किंबहुना तिच्यात त्याला खेळाची गंमत वाटते. शेजारच्या मुलाची वही घ्यावी, प्राण्याचे नाव बोटाने झाकावे आणि उरलेल्या ओळींवरून प्राणी ओळखून दाखवावा. ओळखता आला तर परिच्छेद साधला. आला नाही तर कोणते वाक्य कोणत्याही प्राण्याला चालेल असे आहे, ते मुले स्वतःच शोधून काढतात.

आपल्या शाळांत प्राण्यांवरील लेखनाची परंपरा मुख्यतः निबंधाची आहे. त्यातही आत्मवृत्ताची गोडी मोठी. 'मी बैल बोलत आहे' असे म्हणून बैल आपले दुःख सांगतो, वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येते, आणि ते योग्यच आहे. कल्पनाशक्तीला असे रान मोकळे हवेच. परंतु माहितीपर टिपण ही निराळी चीज होय. तेथे बैल बोलत नाही. बैलाविषयी जे ठाऊक आहे ते मूल बोलते, आणि ते कशावरून ठाऊक आहे हे विचारल्यास त्याला सांगता आले पाहिजे. या दोन प्रकारांची सरमिसळ सर्वांत आधी होते ती पहिल्या परिच्छेदात. म्हणून पहिल्या परिच्छेदाचा विचार स्वतंत्रपणे करावयास हवा.

ग्रामीण भागात टिपणाचा एक उत्तम नमुना सर्वांच्या परिचयाचा आहे. तो म्हणजे पंचनामा. पंचनाम्याच्या आरंभी तारीख असते, ठिकाण असते, पंचांची नावे असतात, कशाची पाहणी करावयाची ते असते. बैल वीज पडून दगावला तर "मृत्यू कोणाला चुकला आहे?" अशी पंचनाम्याची सुरुवात कोणी करीत नाही. कशाविषयी, कोठे, केव्हा, कोणी पाहिले, हे पहिल्या चार ओळींत आले नाही तर पुढचा कागद निरुपयोगी ठरतो, हे गावातल्या निरक्षर माणसालाही कळते. मुलांच्या टिपणाच्या प्रास्ताविकाकडून यापेक्षा फार वेगळी अपेक्षा नाही. भाषा तेवढी पंचनाम्यासारखी रूक्ष नसावी. (शासकीय अहवालांच्या प्रस्तावनाही या दृष्टीने एकदा तपासून पाहण्यासारख्या आहेत. खात्याचे नाव बदलले तरी अबाधित राहतील अशा प्रस्तावना तेथेही आढळतात; पण तो आजचा विषय नव्हे.)

पहिली गोष्ट नावाची. नाव म्हणजे किरकोळ बाब, असा समज असतो; प्रत्यक्षात घोटाळा तेथूनच सुरू होतो. पुणे, अहिल्यानगर, नाशिक या जिल्ह्यांतील अनेक गावांत बिबट्याला सर्रास 'वाघ' म्हणतात, आणि खऱ्या वाघाला 'पट्टेरी वाघ' किंवा 'ढाण्या वाघ'. शहरातील मूल त्याच बिबट्याचे चित्र पाहून 'चित्ता' म्हणते. वस्तुतः हे तीन निरनिराळे प्राणी आहेत. वाघाच्या अंगावर पट्टे असतात. बिबट्याच्या अंगावर काळ्या ठिपक्यांची कडी असतात. चित्त्याचे ठिपके भरीव असून डोळ्यांपासून तोंडापर्यंत अश्रू ओघळल्यासारखी काळी रेघ असते. चित्ता भारतातून नामशेष झाल्याचे १९५२ साली जाहीर झाले. १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियातून आणलेले ८ चित्ते मध्य प्रदेशातील कुनो येथे सोडण्यात आले. तेव्हा जुन्नरच्या उसात चित्ता दिसला असे एखाद्या मुलाने लिहिले, तर ती शब्दाची चूक नव्हे, वस्तुस्थितीची चूक होय.

मात्र येथे शिक्षकाने लाल शाई जपून वापरावी. मुलाच्या घरी ज्या नावाने प्राणी ओळखला जातो ते नाव खोडू नये. कोरकू, गोंडी, भिली बोलणाऱ्या मुलांच्या भाषेत प्राण्यापक्ष्यांची जी नावे आहेत, त्यांपैकी कित्येक मराठी कोशांतही सापडणार नाहीत. घरचे नाव आणि पुस्तकातले नाव अशी दोन्ही पहिल्याच वाक्यात शेजारी शेजारी यावीत. वाचणाऱ्याला प्राणी नेमका कळतो आणि मुलाला आपली भाषा वर्गाबाहेर ठेवून यावे लागत नाही.

नावामागून येतो तो वर्ग. हा कोणाच्या कुळातला, कोणाचा भाऊबंद? मराठी विश्वकोशातील प्राण्यांवरील नोंदी मुलांना वाचून दाखवाव्यात. लेखक प्रथम प्राणी कोणत्या गटातला ते सांगतो आणि मग त्याचे वेगळेपण सांगतो, हे त्यांना ऐकूनच उमगते. आकाराच्या बाबतीत डॉ. सालिम अली यांनी १९४१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या भारतीय पक्ष्यांवरील पुस्तकात जी युक्ती वापरली ती अजोड आहे. पक्षी किती लांब हे सांगताना ते वाचकाला परिचित पक्ष्यांशी तुलना करून दाखवतात: हा चिमणीएवढा, हा मैनेपेक्षा मोठा, हा कावळ्याएवढा. खेड्यातील मुलाला सेंटिमीटरपेक्षा हे माप लवकर समजते. "खूप मोठा" आणि "खूपच लहान" या शब्दांनी काहीच समजत नाही.

आता ठिकाण. बिबट्याचेच उदाहरण थोडे पुढे नेण्यासारखे आहे, कारण येथे प्रश्न केवळ लेखनकौशल्याचा राहत नाही.

अकोले किंवा जुन्नर तालुक्यातील एखाद्या वस्तीशाळेतल्या मुलाने लिहिले: "बिबट्या हा हिंस्र प्राणी आहे. तो घनदाट जंगलात राहतो." शिक्षक बरोबरची खूण करतात, कारण पुस्तकात तसेच असते. पण त्या मुलाच्या घरामागे ऊस आहे. उसात बिबट्याची मादी पिले घालते, तोडणीच्या दिवसांत ती पिले शेतमजुरांना सापडतात, वनखात्याचे कर्मचारी ती पुन्हा आईजवळ पोचविण्याचा प्रयत्न करतात, आणि माणिकडोह येथे बिबट्यांचे निवारण केंद्र चालते, हे सारे त्या मुलाने ऐकलेले किंवा पाहिलेले असते. अकोले परिसरातील शेतीप्रदेशात झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात, दर १०० चौरस किलोमीटरमागे सुमारे ५ प्रौढ बिबटे वावरत असल्याचे आढळले, तेही जेथे रानटी हरणे-सांबरे जवळपास नाहीत अशा भागात. त्यांचे भक्ष्य मुख्यतः पाळीव जनावरे, आणि त्यांतही कुत्री. म्हणजे मुलाच्या वहीतले पहिले वाक्य त्याच्या स्वतःच्या अंगणापुरते खोटे आहे. दुर्दैवाने अंगणापुरतेच का होईना, ते खोटे असणे महाग पडू शकते. बिबट्या जंगलात राहतो यावर ज्याचा विश्वास आहे, ते मूल तिन्हीसांजेला उसाच्या बांधाने एकटे जाईल.

त्याच मुलाला प्रश्न विचारीत गेले, तर त्याचा परिच्छेद काहीसा असा होईल:

"बिबट्या हा मांजराच्या कुळातील मोठा प्राणी आहे. आमच्याकडे त्याला वाघ म्हणतात, पण वाघाला पट्टे असतात आणि बिबट्याच्या अंगावर काळ्या ठिपक्यांची कडी असतात. तो जंगलात राहतो, तसाच आमच्या गावच्या उसातही राहतो. तो उसात का राहतो, काय खातो आणि शाळेत जाता-येताना आम्ही कोणती काळजी घेतो, हे या टिपणात लिहिले आहे."

यात अलंकार एकही नाही. 'हिंस्र' हा शब्दही गळाला, आणि त्याची उणीव भासत नाही. शेवटच्या वाक्याने पुढे काय येणार ते सांगितले, त्यामुळे लिहिणाऱ्या मुलालाही आपल्या वाटेवर राहणे भाग पडते. उसाविषयी लिहीन असे आरंभीच म्हटल्यावर मध्येच आफ्रिकेतल्या सिंहाकडे वळता येत नाही. "जसाच्या तसे आठवून लिहा" या सवयीतून मूल बाहेर पडते ते अशा वाक्यामुळे.

'हिंस्र' या शब्दाचा उल्लेख झाला, तेव्हा त्याच्या भावंडांचाही समाचार घ्यावयास हरकत नाही. धूर्त कोल्हा, क्रूर लांडगा, मूर्ख गाढव, अशुभ घुबड, दुष्ट साप. ही विशेषणे बोधकथांतून आणि लोकसमजुतींतून आली आहेत. गोष्टीत ती शोभतात. टिपणात आली की ती माहितीच्या जागेवर ठाण मांडून बसतात. घुबड अशुभ आहे असे पहिल्या ओळीत लिहिणारे मूल, ते घुबड रात्रभर शेतातले उंदीर मारते हे लिहावयाचे विसरते. लिहिलेच तर दहाव्या ओळीत, चोरट्यासारखे.

मग सुरुवात आकर्षक करावयाचीच नाही काय? करावयाची, परंतु खरेपणाच्या बळावर. शेकरू हा महाराष्ट्राचा राज्यप्राणी. त्याच्यासाठी भीमाशंकरचे अभयारण्य १९८५ साली जाहीर झाले. शेकरू एका झाडावरून दुसऱ्या झाडावर लांब झेप घेते, म्हणून हौशी लेखक त्याला 'उडणारी खार' करून टाकतात. उडणारी खार हा निराळा प्राणी आहे; तिच्या पुढच्या व मागच्या पायांमध्ये कातडीचा पडदा असतो आणि ती रात्री बाहेर पडते. शेकरू दिवसा हिंडते. त्याच्याविषयी नवल वाटावे असे खरे पुष्कळ आहे. ते जमिनीवर क्वचितच उतरते. काटक्या-पानांची एकाहून अधिक घरटी ते झाडांच्या शेंड्यांजवळ बांधते. "एका शेकराला घरटी किती लागतात?" असा प्रश्न विचारून टिपण सुरू करणारे मूल वाचकाला धरून ठेवील, आणि त्यासाठी त्याला एक अक्षरही खोटे लिहावे लागणार नाही. मात्र प्रश्न विचारला तर त्याचे उत्तर पुढे आलेच पाहिजे, ही अट घालावी. उत्तर नसलेल्या प्रश्नांनी सुरू होणारी टिपणे हल्ली फार झाली आहेत.

हे वर्गात प्रत्यक्ष कसे करावे? येथे एक गोष्ट उलटी वाटेल. पहिला परिच्छेद शेवटी लिहावयाचा. घर बांधून झाल्यावर दारावर पाटी लावतात, तसा. जे अजून पाहिले नाही, जमविले नाही, त्याची ओळख मूल करून देणार कशी? कोऱ्या पानाकडे पाहत बसलेले मूल अखेर "गाय हा एक उपयुक्त पाळीव प्राणी आहे" कडेच वळते, आणि त्यात त्याचा दोष नसतो.

सुरुवातीला वाघ-सिंह नकोत. जो प्राणी मुलाला रोज दिसतो तोच घ्यावा. भिंतीवरची पाल यासाठी फार सोयीची आहे. ती गरिबाच्या घरी असते आणि श्रीमंताच्याही, शहरात असते आणि पाड्यावरही. तिला हात लावावा लागत नाही, खर्च नाही, सहल काढावी लागत नाही. आठवडाभर रोज संध्याकाळी मुलांनी तिच्याकडे दहा मिनिटे पाहावे आणि दिसेल ते लिहून आणावे. ती दिव्याजवळच का येते? किडा पकडण्यापूर्वी किती वेळ स्थिर राहते? छतावर उलटी चालताना पडत का नाही? शेपटी तुटलेली पाल कोणी पाहिली काय? आठवड्याच्या अखेरीस शिक्षकांनी फळ्याचे दोन भाग करावेत. एका बाजूला 'पाहिलेले', दुसऱ्या बाजूला 'ऐकलेले किंवा वाचलेले'. हा या साऱ्या पद्धतीचा गाभा आहे आणि त्यावर वेळ खर्च होऊ द्यावा. मुले वाक्ये सांगतील, वर्गच ठरवील की वाक्य कोणत्या बाजूला जाणार. "पाल किडे खाते" हे पाहिलेले. "पाल विषारी असते, ती दुधात पडली तर माणूस मरतो" हे ऐकलेले. कोणाकडून? आजीकडून. आजीला कोणी सांगितले? येथे मुलांचा आवाज चढतो, वाद होतो, आणि तो होऊ द्यावा. पुस्तक उघडून पाहिल्यावर पाल विषारी नसते असे आढळते. आजीचा अपमान न करता हे सांगता येते: पाल पडलेले दूध पिऊ नयेच, कारण ते अस्वच्छ होते, पण कारण विष हे नव्हे.

इतके झाल्यावर टिपणाचा मुख्य भाग मुले दोन तासिकांत लिहून काढतात, कारण मजकूर त्यांच्या हाताशी असतो. त्यानंतरच सांगावे की, ज्याने पाल कधी पाहिली नाही अशा एखाद्या मुलासाठी आता आरंभीच्या चार ओळी लिहा. चाराचा आग्रह धरू नये. कोणाला तीन पुरतील, कोणाला सहा लागतील. पण त्या ओळींत नाव, जात, ठिकाण आणि पुढे काय सांगणार हे कोठेतरी आले पाहिजे. 'बहुधा', 'काही वेळा', 'आमच्या गावात' या लहान शब्दांचा उपयोग याच वेळी शिकवावा. "पाल रात्री बाहेर येते" आणि "पाल बहुधा रात्री बाहेर येते" यांतला फरक कळला, म्हणजे मुलाला पाहिल्यापेक्षा अधिक न बोलण्याची शिस्त कळली.

सापांच्या बाबतीत मात्र 'पाहून लिहा' असे कोणत्याही शिक्षकाने सांगू नये. तेथे चित्रे, पुस्तके आणि जाणकार सर्पमित्र यांवरच भिस्त ठेवावी. परंतु साप हा विषय टाळूही नये. महाराष्ट्रात माणसाला प्रामुख्याने धोका आहे तो नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार विषारी सापांपासून. धामण बिनविषारी, शेतातले उंदीर खाणारी. तरी ती गाईच्या पायांना विळखा घालून दूध पिते असे सांगितले जाते आणि ती दिसेल तेथे मारली जाते. उलट मण्यार रात्री घरात शिरते, जमिनीवर झोपलेल्याला चावते, आणि तो दंश इतका कमी दुखतो की पुष्कळदा माणूस तो अंगावर काढतो. "साप हा विषारी प्राणी आहे" हे एकच वाक्य धामणीला मारते आणि मण्यारीविषयी काहीच शिकवीत नाही. "मण्यार हा विषारी साप असून तो बहुधा रात्री फिरतो, त्याचा दंश फारसा दुखत नाही, तरी ताबडतोब दवाखाना गाठावा लागतो" असे ज्या मुलाच्या वहीत आहे, त्याच्या घरी एखाद्या रात्री मांत्रिकाकडे जाण्याऐवजी प्राथमिक आरोग्य केंद्राकडे गाडी वळण्याची शक्यता अधिक. प्रतिसर्पविष तेथे मिळते, मांत्रिकाकडे नाही.

येथे उपस्थित असलेल्या पंचायत सदस्यांनाही या लेखनाशी कर्तव्य आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यान्वये प्रत्येक स्थानिक संस्थेची जैवविविधता व्यवस्थापन समिती असावयाची असून, लोकजैवविविधता नोंदवही तयार करणे हे तिचे काम आहे. पुष्कळ गावांतून ही नोंदवही घाईने भरली जाते. प्राण्यांच्या रकान्यात 'गाय, म्हैस, साप, पक्षी' एवढेच लिहून पान उलटले जाते. वास्तविक त्या रकान्यात हवी असते ती नेमकी ओळखच: गाय असेल तर कोणत्या जातीची? अकोले-इगतपुरीकडच्या मुसळधार पावसात आणि भातखाचरांत टिकणारी डांगी, माणदेशाच्या माळावर चालणारी खिल्लार, मराठवाड्यातील देवणी आणि लाल कंधारी, वर्धेकडची गवळाऊ. ही गुरे एकमेकांच्या जागी उभी करता येत नाहीत. डांगी गाय आता गावात किती घरी उरली आहे, हे ग्रामसेवकापेक्षा गुरांमागे जाणाऱ्या मुलाला अधिक अचूक ठाऊक असते.

तेव्हा शाळेतील चांगल्या टिपणांच्या प्रती ग्रामपंचायतीच्या दप्तरी राहतील अशी व्यवस्था करता येण्यासारखी आहे. वेगळा निधी लागत नाही. एक जाड वही आणि सुवाच्य अक्षर असलेली दोन मुले पुरतात. पहिल्या परिच्छेदाच्या समासात तारीख, शिवाराचे नाव आणि पाहणाऱ्याचे नाव असावे. एवढे असले की पुढच्या वर्षी चौथीत येणारी मुले त्याच ओढ्यावर, त्याच महिन्यात जातील आणि मागच्या वहीत लिहिलेला खंड्या तेथे अजून बसतो की नाही, ते पाहून येतील.